व्याजदर उतरत असताना कष्टाचा पैसा कुठे आणि कसा ठेवावा

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एकाच वर्षात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, चार वेळा कमी केला. फेब्रुवारीत तो साडेसहा टक्क्यांवरून ६.२५ वर, एप्रिलमध्ये ६ वर, जूनमध्ये साडेपाचवर आणि डिसेंबरमध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. बँकांनी मुदत ठेवींचे दरही त्यामागोमाग उतरवले, आणि ज्यांचे घर ठेवींच्या व्याजावर चालते त्यांना पावती नूतनीकरणाच्या दिवशीच आपले मासिक उत्पन्न घटल्याचे समजले. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटी रुपये नाहीसे झाल्याचा गुन्हा दाखल झाला आणि ठेवीदार शाखांबाहेर टोकन घेऊन उभे राहिले.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, परंतु बचत करणाऱ्याच्या आयुष्यात त्या एकाच वेळी येतात. सरकारी बँकेत दर उतरला की माणूस दीड-दोन टक्के जास्त देणारी जागा शोधू लागतो, आणि जास्त दर बहुतेक वेळा तिथेच मिळतो जिथे तपासणी सैल असते. म्हणून या मार्गदर्शनात व्याजदर आणि सुरक्षितता हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवले आहेत, आणि सुरक्षिततेचा प्रश्न आधी घेतला आहे. हे लेखन मुख्यतः ज्या पैशावर घर चालते किंवा चालायचे आहे त्या पैशाबद्दल आहे. दहा वर्षे हात न लावता शेअर बाजारात ठेवता येईल अशा पैशाचा विचार स्वतंत्रपणे करावा.

जास्त व्याजाचा हिशेब आधी कागदावर मांडा

समजा, बँक साडेसहा टक्के देते आणि गावातील पतसंस्था दहा टक्के देते. पाच लाखांवर वर्षाचा फरक १७,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण साडेचौदाशे रुपये होतो. घरखर्चाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही, हे मान्य आहे. परंतु संस्था बुडाली आणि मुद्दल गेले, तर ते पाच लाख या वरच्या फरकातून भरून निघायला २८ वर्षांहून अधिक काळ लागेल. साठीच्या माणसाकडे तेवढा काळ नसतो. दर विचारण्यापूर्वी हा भागाकार प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांवर करून पाहावा.

व्याजाची तुलना नेहमी प्राप्तिकर वजा करून करावी. वीस टक्क्यांच्या कर-टप्प्यात असलेल्याला उपकर धरून साडेसहा टक्क्यांतले प्रत्यक्षात ५.१५ टक्केच उरतात.

आपल्या पैशावर नेमकी कोणाची नजर आहे

महाराष्ट्रात एकाच रस्त्यावर राष्ट्रीयीकृत बँक, नागरी सहकारी बँक, पतसंस्था आणि मल्टिस्टेट (एकाहून अधिक राज्यांत काम करणारी सहकारी संस्था) अशा चार पाट्या दिसतात. काउंटर, पासबुक, पिग्मी गोळा करणारा एजंट, सगळे सारखेच असते. मात्र पाटीमागची देखरेख अगदी वेगळी असते, आणि हा फरक ठेवीदाराला कोणी समजावून सांगत नाही.

व्यापारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. नागरी सहकारी बँकांचे बँकिंग रिझर्व्ह बँक पाहते आणि सहकारी संस्था म्हणून त्यांची नोंदणी सहकार खात्याकडे किंवा केंद्रीय निबंधकाकडे असते. या दुहेरी कारभारात जबाबदारी दोघांच्या मध्ये अडकत असे. २०१९ मधल्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या प्रकरणानंतर, २०२० मध्ये कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला अधिक अधिकार दिले गेले.

पतसंस्था ही बँक नव्हे. राज्यातील पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. तिचा लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेवरील असला, तरी त्याची नेमणूक संस्थेची सर्वसाधारण सभाच करते, आणि त्या सभेवर बहुधा संचालक मंडळाचीच पकड असते. मल्टिस्टेट संस्थेचा निबंधक दिल्लीत बसतो, त्यामुळे तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ‘हे आमच्या अधिकारात नाही’ असे उत्तर मिळते. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी संस्थेचे आणि अलीकडे बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार याच वाटेने गेले. पतसंस्था असो वा मल्टिस्टेट, या ठेवींना, बँक बुडाल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देणाऱ्या ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. गृहवित्त आणि इतर बिगर-बँक वित्त कंपन्यांच्या ठेवींनाही ते नाही. डीएचएफएल दिवाळखोरीत गेल्यावर २०२१ च्या तडजोडीत अनेक ठेवीदारांना मुद्दलही पूर्ण मिळाले नाही.

येथे घरातला एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. माझ्या काकूंनी निवृत्तीचे पैसे तालुक्याच्या एका पतसंस्थेत ठेवले होते. चेअरमन घरोब्यातले होते. पावतीची मुदत संपली की त्या पैसे मागायला जात, तेव्हा चहा पाजून, अर्धा टक्का जास्त दराची नवी पावती त्यांच्या हातात ठेवली जाई. आम्हा सगळ्यांना तो मान वाटला, पण प्रत्यक्षात संस्थेकडे द्यायला पैसेच नव्हते. तो इशारा तेव्हा ओळखता आला असता तर काकूंची अखेरची वर्षे वेगळी गेली असती, ही खंत आजही मनातून जात नाही. म्हणून पैसे कुठेही असोत, वर्षातून एकदा एखादी लहान ठेव मोडून किंवा मुदतीनंतर ती रक्कम दुसऱ्या बँकेतील खात्यावर वर्ग करायला सांगावी. दोन दिवसांत पैसे आले तर ठीक. ‘सोमवारी या’, ‘मॅनेजर रजेवर आहेत’, ‘नूतनीकरण करा, दर वाढवून देतो’ असे ऐकू आले, तर उरलेल्या ठेवी त्याच आठवड्यात मागायला सुरुवात करावी.

अहवाल वाचावा, पण त्यावर विसंबू नये

वार्षिक अहवालात पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत: निव्वळ एनपीए (तरतूद वजा करून उरणारी थकीत कर्जे) किती आणि मागील दोन वर्षांत तो कोणत्या दिशेने गेला, भांडवल पर्याप्तता (तोटा सोसायला संस्थेचे स्वतःचे भांडवल) किती, ठेवींच्या मानाने कर्जे किती, आणि संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे किती. लेखापरीक्षण वर्ग ‘अ’ वरून ‘ब’ वर घसरला असेल, तर तो का घसरला हे सभेत विचारावे.

तरीही आकड्यांची मर्यादा ओळखली पाहिजे. पीएमसी बँकेने मार्च २०१९ च्या अहवालात ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण थकीत कर्जे, चार टक्क्यांच्या आत दाखवला होता. त्यानंतर सहा महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले आणि सुरुवातीला प्रत्येक ठेवीदाराला फक्त हजार रुपये काढता आले. एचडीआयएल या बांधकाम समूहाची हजारो कोटींची कर्जे लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचे फिर्यादीत नोंदले गेले. लेखापरीक्षक आणि तपासनीस यांच्या डोळ्यांतून जे सुटले, ते सामान्य ठेवीदाराला ताळेबंदात दिसेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीला कर्जफेड चुकवण्याच्या काही महिने आधीपर्यंत सर्वोच्च मानांकन होते. त्यामुळे माझे मत असे आहे की संस्था निवडण्याच्या कौशल्यापेक्षा एका संस्थेत किती ठेवायचे याची मर्यादा पाळणे हे सामान्य माणसाच्या अधिक हाती आहे.

पाच लाखांची मर्यादा प्रत्यक्षात कशी लागू होते

ठेव विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखाऐवजी पाच लाख रुपये झाला. तो प्रत्येक पावतीला किंवा प्रत्येक शाखेला वेगळा मिळत नाही. एका बँकेच्या सर्व शाखांमधील एकाच नावावरची बचत, चालू, आवर्ती आणि मुदत ठेव एकत्र धरली जाते, आणि या पाच लाखांत मुद्दलाबरोबर व्याजही येते. त्याच बँकेचे कर्ज थकले असेल तर ते आधी वजा होते.

व्याजाचा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सात टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने पाच वर्षांसाठी चार लाख ठेवले, तर अखेरीस सुमारे ५ लाख ६६ हजार होतात, म्हणजे वरचे ६६ हजार विम्याच्या बाहेर राहतात. साडेतीन लाख ठेवले तर पाच वर्षांनी रक्कम ४ लाख ९५ हजारांच्या आसपास राहते. दर तिमाहीला व्याज बाहेर काढून घेणाऱ्याने साडेचार लाखांपर्यंत ठेवायला हरकत नाही, मात्र त्याच बँकेतील बचत खात्याची शिल्लकही त्यात मोजावी.

घरात दोन माणसे असतील तर मर्यादा रीतसर वाढवता येते. पतीच्या एकट्याच्या नावावरील ठेव, पत्नीच्या एकट्याच्या नावावरील ठेव, पती पहिले नाव असलेली संयुक्त ठेव आणि पत्नी पहिले नाव असलेली संयुक्त ठेव, या चारही वेगळ्या अधिकारातील ठेवी मानल्या जातात आणि प्रत्येकीला स्वतंत्र संरक्षण मिळते. तरी नागरी बँकेत ही सोय टोकापर्यंत वापरू नये, कारण विमा मिळाला तरी मध्ये काळ जातो.

तो काळ पूर्वी फार लांब असे. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना रद्द व्हायला सप्टेंबर २०२२ उजाडला. मधल्या साडेनऊ वर्षांत किती ठेवीदार वारले असतील याचा विचार मन विषण्ण करतो. ठेव विमा कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी देते आणि पुढच्या ४५ दिवसांत महामंडळ ती तपासून पैसे देते. यासाठी ठेवीदाराने विम्याची रक्कम घेण्यास तयार असल्याचे संमतीपत्र, केवायसीची कागदपत्रे आणि दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील मुदतीत द्यावा लागतो. निर्बंध लागल्याचे कळताच शाखेत जाऊन हे काम करावे आणि पोच घ्यावी. पाच लाखांवरच्या रकमेसाठी मात्र असे वेळापत्रक नाही. पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत द्यायचे ठरले. न्यू इंडियाच्या बाबतीत ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत विलीनीकरण होऊन प्रश्न लवकर मिटला. त्याआधीचे पहिले दोन आठवडे मात्र एक रुपयाही काढता येत नव्हता, आणि नंतरची मुभा २५ हजारांची होती.

म्हणून पगार किंवा निवृत्तिवेतन, कर्जाचा हप्ता, विजेचे बिल आणि औषधांचा खर्च हे सारे एकाच बँकेवर अवलंबून ठेवू नये. तीन-चार महिन्यांचा खर्च दुसऱ्या, शक्यतो मोठ्या व्यापारी बँकेत असावा.

दर आपल्या पैशाला चिकटतो की बदलत राहतो

सुरक्षिततेची व्यवस्था झाल्यावर दराकडे वळावे. कोणत्याही योजनेबाबत पहिला प्रश्न हा विचारावा की पैसे भरल्या दिवशीचा दर मुदतीपर्यंत टिकतो का. काही ठिकाणी तो टिकतो. बँकेची मुदत ठेव, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांत सरकारने नंतर दर कमी केला तरी आपल्या जुन्या रकमेवर परिणाम होत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक योजनेत, म्हणजे पीपीएफमध्ये, आणि सुकन्या समृद्धी योजनेत मात्र सरकार तिमाहीला जो दर जाहीर करते तो संपूर्ण शिल्लक रकमेला लागतो. रिझर्व्ह बँकेच्या तरत्या दराच्या बचत रोख्यांचा दर दर १ जानेवारी आणि १ जुलैला राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरात ०.३५ टक्के मिळवून ठरतो.

दर उतरत असताना टिकणारा दर घ्यावा आणि चढत असताना बदलणारा, हे तत्त्व सोपे आहे. अडचण एवढीच की पुढे दर कुठे जाणार हे कोणालाही ठाऊक नसते, आणि पोस्टाचे दर तर रेपोच्या मागे नेमाने चालतही नाहीत. २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर उतरला, २०२२ च्या मेपासून चढत २०२३ च्या फेब्रुवारीत साडेसहावर गेला आणि २०२५ मध्ये पुन्हा उतरला. या साऱ्या काळात, एप्रिल २०२० पासून २०२५ संपेपर्यंत, पीपीएफचा दर ७.१ टक्केच राहिला. बाजारातील दर घसरले असताना पोस्टाचे दर वर राहिले असतील, तर तो काळ पोस्टात पैसे अडकवून ठेवण्यास अनुकूल समजावा.

साठ वर्षे पूर्ण झालेल्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला पहिला क्रमांक द्यावा असे मला ठामपणे वाटते. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा प्रत्येकी ३० लाख आहे आणि २०२५ अखेर तिचा दर ८.२ टक्के होता. व्याज तिमाहीला मिळते, मुदत पाच वर्षांची आहे, आणि मागे सरकारची हमी असल्याने पाच लाखांच्या विम्याचा प्रश्नच येत नाही. गावातली पतसंस्था जो जास्तीचा टक्का दाखवते, त्यातला बराचसा येथे कोणताही धोका न घेता मिळतो. तरीही पोस्टाच्या रांगेला कंटाळून किंवा केवळ माहिती नसल्याने असंख्य ज्येष्ठ नागरिक ही योजना वापरत नाहीत.

ठेवींच्या पायऱ्या

साठीच्या आतील माणसाने, किंवा वरील योजना भरून झाल्यावर ज्याच्याकडे पैसे उरतात त्याने, मुदत ठेवी पायऱ्यांनी लावाव्यात. पंधरा लाख असतील तर तीन-तीन लाखांच्या पाच ठेवी एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांसाठी कराव्यात. दर वर्षी एक ठेव सुटेल, आणि ती पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवावी. पाच वर्षांनंतर सर्व ठेवी पाच वर्षांच्या दराने चालू असतात, तरी दर वर्षी एक पावती हातात येत राहते.

याचा उपयोग कसा होतो ते पाहा. २०२०-२१ मध्ये मोठ्या बँकांचे दीर्घ मुदतीचे दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले होते. ज्यांनी तेव्हा सारी रक्कम पाच वर्षांसाठी अडकवली, ते पुढे दर सात टक्क्यांवर गेले तरी काही करू शकले नाहीत. उलट २०२३ मध्ये ज्यांनी ‘आणखी वाढेल’ म्हणून पैसे वर्षा-वर्षाच्या ठेवीत फिरवत ठेवले, त्यांना २०२५ मध्ये सर्वच रकमेवर कमी दर घ्यावा लागला. पायऱ्या लावणाऱ्याचा अंदाज दोन्ही वेळा चुकला असता, पण त्याचे नुकसान एकेका पायरीपुरतेच झाले असते.

मध्येच पैशांची गरज पडली तर ठेव मोडण्यापूर्वी हिशेब करावा. मोडल्यास जितका काळ ठेव राहिली तितक्या काळाचा दर लागतो आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का दंड वजा होतो. दोन-तीन महिन्यांचीच गरज असेल तर ठेवीवर कर्ज घेणे बहुतेक वेळा स्वस्त पडते.

ज्यांच्यावर घरकर्ज आहे त्यांच्यासाठी वेगळा सल्ला. कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा जवळपास नेहमीच जास्त असतो, आणि व्यक्तीने घेतलेल्या तरत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. अशा वेळी आणीबाणीची शिल्लक बाजूला काढून बाकी रक्कम कर्जात भरणे ही सर्वांत सुरक्षित गुंतवणूक ठरते.

रोखे आणि रोखे-फंड

ठेवींचे दर घसरले की बँकेतील कर्मचारी किंवा एजंट ‘ठेवीसारखेच, पण थोडे जास्त देणारे’ काहीतरी पुढे करतात. रोखा म्हणजे सरकारला किंवा कंपनीला दिलेले, बाजारात विकता येणारे कर्ज. रोख्याची किंमत आणि बाजारातील व्याजदर तराजूच्या दोन पारड्यांसारखे असतात. सात टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा आपण शंभर रुपयांना घेतला आणि बाजाराचा दर आठ टक्के झाला, तर त्याची किंमत ९३ रुपयांच्या जवळ येते. दर सहा टक्के झाला तर ती १०७ च्या जवळ जाते. मुदत जितकी लांब तितका हा हेलकावा मोठा. सरकारी रोखा मुदतीपर्यंत ठेवणाऱ्याला या चढउताराची चिंता नसते, आणि नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेत कोणालाही थेट खाते उघडून असे रोखे घेता येतात.

दुसरा धोका रोखा काढणारा पैसे परत करील की नाही हा आहे. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-वन रोखे (बँक अडचणीत आल्यास ज्यांचे पैसे बुडू शकतात असे रोखे) शून्यावर आणले गेले, आणि त्यांत ठेवीचा चांगला पर्याय समजून पैसे घातलेली सामान्य माणसेही होती. पुढच्याच महिन्यात, २३ एप्रिलला, फ्रँकलिन टेम्पलटनने सहा रोखे-फंड बंद केले. ते पैसे नंतर टप्प्याटप्प्याने परत आले, परंतु ऐन टाळेबंदीत ज्यांना गरज होती त्यांना ते मिळाले नाहीत. फंड घ्यायचाच असेल तर माहितीपत्रकात त्याची सरासरी मुदत आणि कमी मानांकनाच्या कागदांचे प्रमाण पाहावे, आणि एखादा फंड त्याच वर्गातील इतरांपेक्षा ठळकपणे जास्त देत असेल तर ते जास्तीचे कुठून येते याचे उत्तर मिळेपर्यंत थांबावे.

दर आठवड्याला व्याज, दामदुप्पट, नवा गुंतवणूकदार आणल्यास बक्षीस, असे शब्द कानावर पडले तर पुढचे ऐकूच नये. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानासमोर जमलेल्या लोकांनी अशाच आश्वासनावर पैसे दिले होते. कोणी ठेवी गोळा करत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर त्याचे नाव शोधावे आणि तेथेच तक्रार नोंदवावी. फसवणूक झालीच तर महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त होते, पण लिलाव होऊन पैसे मिळेपर्यंत वर्षे जातात, हे जाणून तक्रार पहिल्या दिवसांतच करावी.

एक नमुना

साठी ओलांडलेल्या दांपत्याकडे पन्नास लाख असतील, तर मी मांडणी अशी करीन. वीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ज्यातून ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ४१,००० रुपये येतील. नऊ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, ज्यातून ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५० रुपये येतील. पंधरा लाखांच्या वर सांगितलेल्या पाच पायऱ्या, किमान तीन बँकांत विभागून आणि दोघांच्या नावांचा क्रम आलटून-पालटून, म्हणजे व्याज धरूनही कोणतीही ठेव विम्याबाहेर जाणार नाही. चार लाख दोन बँकांच्या बचत खात्यांत. उरलेले दोन लाख तरत्या दराच्या रोख्यांत, म्हणजे पुढे दर चढले तर थोडा भाग त्यांच्याबरोबर चढेल. हे दर २०२५ अखेरचे आहेत, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी चालू तिमाहीचा दर पोस्टात पाहूनच निर्णय घ्यावा.

प्रत्येक खात्याला नामनिर्देशन असावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत नावे देता येतात. सर्व पावत्यांची यादी मुलांना ठाऊक असावी.

मुदत ठेवीचा अर्ज भरताना मुदतीनंतर काय करायचे, या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे आपोआप नूतनीकरणाचा पर्याय आधीच निवडलेला असतो, आणि तसे झाले तर एक वर्षाची पायरी पुन्हा एकाच वर्षासाठी, त्या दिवशी जो दर असेल त्याने ठेवली जाते, शिवाय वाढलेले व्याज मुद्दलात जाऊन पाच लाखांची रेषाही नकळत ओलांडली जाते. तो पर्याय खोडून रक्कम बचत खात्यात जमा करण्याची सूचना लिहावी, आणि पावती सुटण्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर आजच नोंदवावी.